निजलेल्या वाफ्याचं विरजण

मिठागरात तिला सगळे डिग्रीबाई म्हणत. तिच्याकडे कुठल्याच कॉलेजची डिग्री नव्हती आणि ते म्हणणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर म्हणत. सकाळी सात वाजता ती काचेची लांब नळी घेऊन निघे, एकेका वाफ्याच्या पाण्यात ती सोडून दाटपणा मोजे आणि बांधावरूनच हाळी देई, तीनला अठरा डिग्री, सातला तेवीस, दहाला पंचवीस. त्या आकड्यांवर बारा वाफ्यांवरच्या माणसांचा दिवस ठरे. तिचा आकडा चुकला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं आणि तिलाही या गोष्टीचा थोडा तोरा होता. का नसावा?

समुद्राचं पाणी एक नंबरच्या वाफ्यात येई. तिथून उतारानं दोनमध्ये, तीनमध्ये, असं आटत आटत ते बारापर्यंत पोचे आणि शेवटच्या चार वाफ्यांत मीठ धरे. मीठ धरण्याआधी पाणी लाल होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, कुणी रंग कालवलाय. हा रंग जिवाणूंचा असतो. बाकी सगळ्या जिवांना जिथं मिठानं मरण येतं तिथं यांना पालवी फुटते, आणि गोड्या पाण्याचा थेंब पडला की ते फुटून जातात. लाल पाणी ऊन जास्त खातं, लवकर तापतं, लवकर आटतं. म्हणून मिठागराची माणसं या रंगाला जपतात.

जपतात म्हणजे कसं, तर विरजण ठेवतात. हंगाम संपला की प्रत्येक जण आपल्या वाफ्याचं चार-पाच लिटर लाल पाणी कॅनमध्ये भरून सावलीत ठेवतो आणि पुढच्या हंगामात नव्या पाण्यात ओततो. तसा रंग आपोआपही येतो, पण महिनाभर वाट कोण बघणार. प्रत्येकाचं विरजण वेगळं. कुणाचं जांभळट, कुणाचं गुलाबी, कुणाचं विटकरी. आपलं विरजण दुसऱ्याच्या वाफ्यात घालायचं नाही, हा तिथला एकमेव नियम, जो मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दुसऱ्याच्या दात घासायच्या ब्रशला हात लावण्यासारखंच ते.

डिग्रीबाईच्या नवऱ्याचं विरजण केशरी होतं. साऱ्या मिठागरात तेवढं एकच. वडलांकडून त्याच्याकडे आलं होतं आणि तीन वर्षांपूर्वी त्याच्याबरोबरच गेलं.

तो गेला त्या दिवशी काही भांडण नव्हतं, काही नव्हतं. दुपारी बांधाकडे गेला तो संध्याकाळी परतला नाही. शोधाशोध सुरू होणार, तेवढ्यात सासूबाईंनी कपाट उघडलं. त्याची प्रवासाची पिशवी नव्हती, चांगला शर्ट नव्हता, बूट नव्हते. कॅनही नव्हता. सासूबाई पायरीवर आल्या आणि जमलेल्या लोकांना म्हणाल्या, "शोधू नका. पळाला माझा मुलगा. त्याला संसार नको होता." आईनंच असं म्हटल्यावर कोण काय बोलणार? लोक घरोघर गेले आणि तिथं जाऊन मात्र भरपूर बोलले.

तेव्हापासून ती टाकलेली बाई झाली. कुणी तोंडावर म्हणत नसे, पण दुकानात तिच्यासाठी लोक जरा जास्तच हळू आवाजात बोलत आणि तिला त्याची चीड येई. नवऱ्यावर तर तिचा असा दात होता की विचारू नका. कांदा चिरताना, कपडे पिळताना, पाणी मोजताना ती त्याला मनातल्या मनात, कधी मोठ्यानंही, शिव्या घाली. सासूबाई ऐकून घेत. कधी कधी भर घालत. "लहानपणापासून असाच तो, अर्धवट टाकून पळणारा," असं म्हणत आणि तिच्या ताटात आणखी वाढत. दोघींचं चांगलं जमलं होतं. पण अंथरुणाला पाठ टेकली की एकच प्रश्न तिच्या छातीवर येऊन बसे. असं माझ्यात काय कमी होतं, की एक चिठ्ठीसुद्धा न लिहिता जावं? तिला तो परत नको होता. तिला उत्तर हवं होतं.

या हंगामात बारा नंबरचा वाफा केशरी झाला.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. बाराचा मालक म्हातारा होता, त्याला वाटलं डोळ्यांचा दोष. पंधरा दिवसांनी अकरा नंबर केशरी झाला, मग दहा. तिथं ज्यांची जांभळी-विटकरी विरजणं पडली होती त्यांचा रंग हळूहळू मागे हटला आणि केशरी पुढे आला. मग नऊ. आता लोक थांबले. कारण पाणी एकाकडून बाराकडे उतरतं, बाराकडून एकाकडे चढत नाही. हा रंग उलटा चालला होता. उताराच्या विरुद्ध, एकेक बांध ओलांडून, आणि त्या दिशेला, एक नंबरच्या वाफ्यापलीकडे, फक्त एकच घर होतं. तिचं.

"आलाय तो," रेडिओकाका म्हणाले. बांधांची डागडुजी करणारे हे काका. त्यांचं तोंड सकाळी सुरू झालं की दिवे लागेपर्यंत बंद होत नसे, म्हणून हे नाव. त्यांचं म्हणणं, पळपुट्याला पश्चात्ताप झालाय, समोर यायला तोंड नाही, म्हणून चोरून एकेका वाफ्यात विरजण घालत घराकडे सरकतोय. सगळ्यांना ते पटलं. चोरून विरजण घालणं म्हणजे केवढा गुन्हा, पण कुणी रागावलं नाही. उलट माणसं नऊ नंबरजवळून जाताना आवाज खाली आणू लागली आणि एकटं कुणी तिकडे जाईना.

तिच्या मनात काय झालं ते सांगायला तिला लाज वाटली असती. दोन दिवस तिनं दुपारी पुन्हा केस विंचरले. तो आला तर थोबाडीत मारायची की जेवायला वाढायचं हे काही ठरेना. मोजणीच्या खोलीला खिडकी होती, तिथून सगळे वाफे दिसत. आठवडाभर ती दुपारभर खिडकीशी बसली. पांढरे बांध, लाल पाणी, वर ऊन. कुणीही आलं नाही. सासूबाई तेवढ्या रोजच्यासारख्या सरपणाला काटक्या गोळा करून, बसत उठत, बांधावरून परतताना दिसत. आठवड्याच्या शेवटी आठ नंबर केशरी झाला.

मग मात्र तिच्या अंगावर काटा आला. ती आकड्यांची बाई होती. न आलेल्या माणसानं घातलेलं विरजण तिच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं.

मोजणीच्या खोलीत एक जुना सूक्ष्मदर्शक होता, भिंगाला रबर गुंडाळलेला. आणि एक खण होता, त्यात दर हंगामाच्या अखेरीला प्रत्येक वाफ्याचं चिमूटभर मीठ काडेपेटीत भरून ठेवायची पद्धत होती. तिनं तीन वर्षांपूर्वीची त्याची काडेपेटी काढली. वर त्याचंच गिचमिड अक्षर. एक खडा काचेवर ठेवला आणि भिंगाखाली सरकवला. मिठाच्या खड्यात पाण्याच्या बारीक बारीक खोल्या अडकलेल्या असतात, चौकोनी, बंद. एका खोलीत केशरी काड्या पडून होत्या. तीन वर्षं त्या तिथं होत्या, ना अन्न, ना हवा, ना वाट. ती बघत राहिली. त्यातली एक हलली.

तिनं भिंगावरून डोळा बाजूला घेतला, चष्मा पुसला, पुन्हा डोळा लावला. काडी खोलीच्या एका भिंतीपाशी गेली, वळली आणि दुसऱ्या भिंतीकडे निघाली. तिनं आठ नंबरचा थेंब शेजारी ठेवून पाहिला. त्याच काड्या, तीच लांबी, तोच रंग. विरजण त्याचंच होतं, यात आता शंका उरली नाही. दुपारी ती जेवली नाही आणि सासूबाईंना डोकं दुखतंय असं सांगितलं.

तिकडे सगळं मिठागर चालवणाऱ्या साहेबांची वेगळीच पंचाईत झाली होती. धुतल्यावरही मिठाची केशरी झाक जाईना आणि गिऱ्हाइकाला मीठ पांढरं हवं होतं. साहेबांनी नकाशा काढला, बोट फिरवलं आणि बाराच्याही खाली असलेल्या शेवटच्या चौकोनावर ठेवलं. ते म्हणाले, रोगाचं मूळ इथं असणार. सोमवारी कालव्याचं गोडं पाणी आधी यात सोडू, मग बाकीच्यांत. दोन दिवसांत सगळं विरघळून समुद्रात जाईल, केशरी जिवाणूही आणि सगळंच.

तो चौकोन म्हणजे निजलेला वाफा. मिठागराच्या अगदी खालच्या टोकाला. साऱ्या वाफ्यांचं उरलंसुरलं कडवट पाणी पिढ्यान्‌पिढ्या तिथं साचलेलं. त्यात ना कुणी मीठ काढी, ना तो कधी आटे. वर बारा महिने मिठाचा पांढरा थर. पलीकडच्या बांधावर जायचं तर माणसं त्या थरावरून चालत जात, म्हणून दर पंधरवड्याला थराची जाडी मोजून काठाशी निशाण लावायचं कामही तिचंच. पांढरं म्हणजे चाला, लाल म्हणजे लांब राहा. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र त्या वाटेनं कुणी जात नव्हतं, नवा पूल झाला होता, आणि मोजणीही बंद पडली होती. तिच्या माहितीप्रमाणे तो वाफा मेलेला होता. त्यात रंग धरणं शक्य नव्हतं. साहेबांच्या बोटावर तिचा विश्वास नव्हता, पण स्वतःच्या माहितीवरही राहिला नव्हता. सोमवारनंतर बघायला काही उरणार नव्हतं. तिनं रविवारी जायचं ठरवलं.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"नको जाऊस," त्या म्हणाल्या.

"का?"

"साहेब धुऊन टाकतायत ना सगळं? टाकू दे धुऊन. तू त्या रंगाच्या मागं लागू नकोस गं."

सासूबाईंनी तिला आजवर कशालाच अडवलं नव्हतं. नोकरीला नाही, केस कापायला नाही, त्यांच्याच मुलाला शिव्या घालायला नाही. तिला ते चमत्कारिक वाटलं. रविवारी सकाळी ती उठली तर थर मोजायची लोखंडी सळई जागेवर नव्हती. पाऊण तास शोधल्यावर ती गादीखाली सापडली. सासूबाई दाराशी बसून होत्या, बाजूला झाल्या, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

रेडिओकाका शिडी आणि दोन फळ्या घेऊन आले. थर कसा असेल सांगता येत नव्हतं, म्हणून शिडी आडवी टाकून तिच्यावरून सरकायचं. वाटेत त्यांनी आपल्या मेहुण्याचं ऑपरेशन, सायकलची चोरी आणि पुलाच्या कंत्राटदाराची अक्कल या तिन्ही विषयांचा समाचार घेतला. बाराचा बांध ओलांडला आणि त्यांचा आवाज आपोआप बंद झाला. दुपारचे बारा वाजले होते. निजलेला वाफा पांढराफेक पसरला होता आणि त्यावर एकही पाखरू नव्हतं. वाराही पडला होता. काकांना तिनं कधी इतकं गप्प पाहिलं नव्हतं, आणि तिला वाटलं, काहीतरी बोला हो, मेहुण्याबद्दलच बोला.

काठाशी थरात एक भोक होतं. ताटाएवढं, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. आतलं पाणी केशरी. कुठलं जनावर येत असेल, काका पुटपुटले. खाऱ्या पाण्यावर कुठलं जनावर येईल, हे तिनं विचारलं नाही. तिनं काठाशी सळई ठोकली. चार बोटं. भक्कम. तिला जरा बरं वाटलं.

शिडी आणि फळ्या पुढे पुढे टाकत ती त्यांच्यावरून पोटावर सरकत मध्याकडे गेली. वीस-पंचवीस पावलांवर थरात लाकडाची खुंटी दिसली. मग तिच्यापुढे दुसरी, मग तिसरी. भोक पाडून त्यात ठोकलेल्या, वर धरायला कोरलेली खाच. ती खाच तिला ओळखीची होती. घरातल्या प्रत्येक झाकणाला, प्रत्येक डब्याला त्यानं तशीच खाच पाडून ठेवली होती. तिनं पहिली खुंटी उपसली. खालचं पाणी केशरी होतं आणि आंघोळीच्या पाण्याइतकं गरम. तिथं सळई लावली. एक बोट. पुढच्या खुंटीशी त्याहून कमी.

तिथंच ती शिडीवर पालथी पडून राहिली. काकांनी मागून हाक मारली.

तो म्हणायचा, निजलेल्या वाफ्याला मी जागं करून दाखवतो. सगळे हसायचे, ती सगळ्यांत जास्त. म्हणून कुणाला न सांगता तो येऊन विरजण घालत होता. मधोमध, जिथं काठावरून दिसणार नाही. आणि विरजण धरलं होतं. रंगानं ऊन खाल्लं, पाणी तापलं आणि थर खालून विरघळत गेला, मधोमध. काठाशी तो होता तसाच राहिला. ती मोजायची काठाशीच. सगळे काठाशीच मोजतात. मधे जाऊन मोजायचं तर आधी मधे जाता यायला हवं.

आणि त्या सकाळी चहा पिता पिता त्यानं विचारलं होतं, निजलेल्याचा थर कसा आहे गं? तिनं मान वर न करता सांगितलं होतं, चार बोटं, बैल नेलास तरी धरेल.

तिसऱ्या खुंटीच्या पुढे थराचा रंग वेगळा होता. बाकी सगळा थर पांढरा, दाणेदार. इथं लांबट असा एक तुकडा नितळ होता. मोडलेली जागा संथपणे पुन्हा धरली की मीठ असं नितळ धरतं, खिडकीच्या काचेसारखं. तिला पुढे जायचं नव्हतं. ती गेली.

दाट पाणी माणसाला तळाशी जाऊ देत नाही. तो वरच होता, थराला खालून टेकलेला, तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. मिठानं त्याला जसाच्या तसा ठेवला होता. दाढी दोन दिवसांची, भुवयांवर बारीक खडे, डोळे मिटलेले, काखेत अडकलेली कॅनची कडी. भोवतीचं पाणी केशरी होतं आणि हळूहळू हलत होतं, वारा नसताना. तिला पहिला विचार आला तो असा: हा किती लहान दिसतो. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा होता. आता ती त्याच्याहून एका वर्षानं मोठी होती.

तो पळाला नव्हता. तिला टाकून तो कुठंही गेला नव्हता. ज्या उत्तरासाठी तिनं तीन वर्षं काढली ते हेच होतं. आणि त्याच क्षणी दुसरंही उत्तर आलं, जे तिनं कधी मागितलं नव्हतं. तिनं काचेवर हात ठेवला. थर उबदार होता, आणि तिला भयंकर भीती वाटली, की तो डोळे उघडेल आणि थराबद्दल विचारेल.

काकांनी तिला शिडीवरून ओढून घेतलं. त्यांनी पाहिलं होतं. साहेबांकडे मी जातो, सोमवारचं पाणी थांबवतो, तू घरी जा, एवढंच ते म्हणाले आणि बाराचा बांध ओलांडेपर्यंत मध्ये मध्ये मागे वळून ती पडत नाही ना हे पाहत राहिले.

सासूबाई पायरीवर होत्या. तिचा चेहरा बघून त्यांनी हातातल्या काटक्या खाली ठेवल्या. ती खालच्या पायरीवर बसली.

"सापडला," ती म्हणाली.

"हो."

त्या "हो"मध्ये काहीच आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं."

"त्याच दिवशी. तो आला नाही म्हणून गेले बघायला. सकाळी तू त्याला थराचं सांगितलेलं मी ऐकलं होतं ना. गेले तर मोडलेल्या जागी मिठाची साय धरायला लागली होती." सासूबाई अगदी साध्या आवाजात बोलत होत्या. "घरी आले. पिशवी मी भरली. शर्ट, बूट, सगळं मीच घातलं आणि दगड बांधून खाडीत सोडली. मग कपाट उघडलं सगळ्यांसमोर."

"का?"

"तू मोजलं होतंस."

डिग्रीबाईनं पायरीची कड दोन्ही हातांनी धरली.

"तुला कळलं असतं तर तू तिकडेच गेली असतीस, त्याच्या मागं. मी ओळखते तुला. मुलगा तर गेलाच होता. म्हटलं सून तरी राहू दे." त्यांनी हाताशी असलेली एक काटकी मोडली, उगीचच. "पळाला म्हटलं की राग येतो. राग आलेलं माणूस जेवतं, कामाला जातं. तू शिव्या घालायचीस ना, मला बरं वाटायचं. म्हणायचे, चला, आजचा दिवस निघाला."

तिला ओरडावंसं वाटलं. माझा शोक तुम्ही चोरलात, तीन वर्षं माझ्याकडून त्याला शिव्या घालवून घेतल्यात, असं काहीतरी. आणि त्याच वेळी तिला त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. यातलं कुठलंच झालं नाही. तिनं भलतंच विचारलं.

"आणि तुम्ही? तुम्हाला तर राग नव्हता. तुम्ही कशा राहिलात?"

"मी रोज जाते की त्याच्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "दुपारी. काठाशी जागा केलीय मी एक, तिथं पाय सोडून बसते पाण्यात. त्याच पाण्यात तोही असतो. बोलते थोडं. तुझं सांगते. मग येते काटक्या घेऊन."

"दोन वर्षं सरळ येत होते घरी," त्या पुढे म्हणाल्या. "यंदा गुडघे चालत नाहीत. आधी बाराशी टेकायला लागलं. बांधावर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे, गरम पाण्यानं जरा मोकळे होतात. मग अकराशीही टेकायला लागलं. मग दहाशी. आता तर प्रत्येक बांधावर बसल्याशिवाय होत नाही."

ती उठली. सासूबाईंसमोर उकिडवी बसली आणि त्यांचा एक पाय हातात घेतला. टाच भेगांनी चिरली होती आणि प्रत्येक भेगेत, खोलवर, केशरी रेघ होती. दुसऱ्या टाचेलाही तशीच. तिला इतका वेळ न आलेलं रडू तेव्हा आलं, आणि आलं ते थांबेना.

थोड्या वेळानं ती आत गेली, परातीत गोडं पाणी घेऊन आली आणि पायरीवर ठेवलं. भेगा चिघळल्या होत्या, धुवायला हव्या होत्या. गोड्या पाण्यात ते जिवाणू टिकत नाहीत, क्षणात फुटतात, हे तिनं कितीदा भिंगाखाली पाहिलं होतं. सासूबाईंनी ते कधी पाहिलं नव्हतं, पण जन्मभर घरात मिठागराची बोलणी ऐकून त्यांनाही ठाऊक होतं. तिनं पाय उचलून परातीकडे नेला तसा त्यांनी तो मागे ओढून घेतला.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "तेवढं नको धुऊस."

तिनं परात उचलली आणि पाणी अंगणाच्या पलीकडे नेऊन ओतलं.